पेडलवरचं शून्य

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीने जे सांगितलं, तेवढंच लिहिते आहे. ती प्रयोगशाळेत वजनकाटे तपासते. राईचा पर्वत करणं तिच्या स्वभावातच नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवारची सकाळ होती, लख्ख ऊन पडलं होतं. आणि जागा म्हणजे त्यांच्या घराची मागची खोली.

पूर्वी तिथे इस्त्रीचं टेबल असायचं. आता तिच्या धाकट्या भावाची सायकल होती. सायकलपायी जेवणखाण विसरतो, म्हणून घरात त्याला चाक्याच म्हणतात. ती सगळ्यांची ताई.

सायकलचं मागचं चाक काढून ती एका जड यंत्रावर बसवलेली होती. इनडोअर ट्रेनर. पाय मारायचे, सायकल जागची हलत नाही, आणि किती जोर लागला ते ट्रेनर वॅटमध्ये सांगतो. चाक्याच्या पेडलमध्येही जोर मोजायची सोय होती.

सायकल शर्यतींच्या संघात एकच जागा रिकामी होती. चाचणी घरूनच द्यायची. फसवाफसवी नको, म्हणून ट्रेनरचे आणि पेडलचे, दोन्ही आकडे पाठवायचे. जुळले नाहीत तर बाद.

चाक्याचे जुळत नव्हते.

ट्रेनर अडीचशे सांगायचा, तेव्हा पेडल दोनशे दहा.

"कोच म्हणतात, मी लबाडी करतोय," चाक्या रडवेला झाला होता. "दुपारी शेवटची संधी आहे. ताई, आईशप्पथ, मी काही केलेलं नाही."

"आईला कशाला मध्ये आणतोस? सायकल दाखव."

तिने खोलीचं दार उघडलं…

आणि वासाने ती एक पाऊल मागे सरली.

ओलं फडकं बादलीत आठवडाभर तसंच राहिलं की जो वास येतो, तसा. पण त्यात आणखी काहीतरी गोडसर होतं.

"त्या घोड्याला आधी आंघोळ घाला," आई मागून नाक दाबून म्हणाली. "रोज फिनेल मारते मी. चहा उकळेपर्यंत वास परत हजर."

"घामाचा वास आहे गं, आई."

"तुझे कपडे तू जन्मल्यापासून धुतेय मी. हा वास तुझा नाही."

चाक्या हसला. ताई हसली नाही.

तिने कामाला हात घातला. पेडलच्या बॅटऱ्या बदलल्या. साखळी पुसून तेल दिलं. चाक्याच्या मित्राचा ट्रेनर आणून लावला. फरक तेवढाच. मग मित्राची पेडल लावली. तेवढाच.

स्वतः बसून पाय मारले.

तेवढाच.

म्हणजे चाक्या खोटं बोलत नव्हता. आणि यंत्रंही नाही. पण फरक उलटा होता, हे तिला खटकत होतं. पायाचा थोडा जोर साखळीत वाया जातो. म्हणून पेडलचा आकडा किंचित जास्त यायला हवा. इथे ट्रेनरपर्यंत जोर वाढूनच पोचत होता.

"साखळी खाते," ती स्वतःशी म्हणाली. "देत नाही."

ती उतरली, तेव्हा हात हँडलला चिकटले होते.

तळव्यांवर पिवळट, बुळबुळीत थर होता. जुनं लोणी बोटांत चुरगळावं तसा. त्यात टाचेची असावीत अशी जाड सालपटं… आणि एक लांब, पांढरा, ओला केस.

चाक्याचं डोकं तुळतुळीत होतं. आईचे केस कापलेले, काळे.

ताईने कोपरापर्यंत हात घासले. साबण संपत आला, पण नखांखालचा वास गेला नाही.

परत आल्यावर तिने साधा प्रश्न विचारला. काट्याच्या तक्रारीत तो सगळ्यात आधी विचारतात.

"शून्य करतोस ना?"

"रोज. बसायच्या आधी, पेडल रिकामी असताना. हे बघ."

त्याने फोनवर बटण दाबलं. शून्य आलं. पण ताई फोनकडे बघत नव्हती.

ती पेडलकडे बघत होती.

असली पेडल एका बाजूने जड असतात. मोकळी सोडली की पुढचं टोक वर करून लोंबतात.

ही लोंबत नव्हती…

सपाट होती. दोन्ही. कोणीतरी वर तळवे टेकवून उभं असल्यासारखी.

तिने एका बोटाने पेडल दाबलं. ते हललं नाही. कोमट होतं. ओलसर होतं.

काट्यावर वजन असताना शून्य केलं, की काटा तेवढं वजन विसरतो. पुढे जे चढेल तेवढंच सांगतो. चाक्याची पेडल रोज सकाळी कोणाचा तरी भार विसरत होती, मग चाक्याचा मोजत होती.

ट्रेनर काहीच विसरत नव्हता.

तिने पाना घेतला, पेडल काढली, स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवली.

"जेवायच्या टेबलावर? शी! अक्कल गहाण टाकलीस का?" आई ओरडली.

ताईने तिथेच शून्य केलं. मग पेडल परत लावली, चाक्याला मोजे आणायला बाहेर पाठवलं आणि फोन हातात घेऊन उभी राहिली.

सायकल रिकामी होती.

फोनवर आकडा होता.

डावीकडे भार… मग उजवीकडे… परत डावीकडे. रांगेत ताटकळलेला माणूस एकेका पायावर वजन देतो, तसा.

चाक्या येऊन बसला. पाय मारू लागला आणि किंचाळलाच, "ताई! जुळले! अडीचशेला अडीचशे! तुझे पाय कुठे आहेत, धरू दे!"

"उतर खाली. चाचणी देऊ नकोस."

"आता? आकडे जुळले ना?"

तिला खोटं बोलता येत नाही. "जुळले."

"मग?"

त्या दुपारी ताईने चाचणी उभी राहून पाहिली. चाक्याच्या कपाळावर घाम नव्हता. पाठ मात्र निथळत होती. बनियन खांद्यांपासून कमरेपर्यंत सपाट चिकटलं होतं… वरून कोणीतरी छाती टेकवून ओणवं झाल्यासारखं. श्वासाची घरघर खोलीभर होती. चाक्याचं तोंड मिटलेलं होतं.

मग त्याच्या मानेवर लाळेची तार पडली. वरून.

त्याने ती हाताने पुसली. त्याच हाताने तोंड पुसलं. पाय मारत राहिला.

ताई मोरीत जाऊन ओकली.

त्याची निवड झाली. आईने शेजारीपाजारी पेढ्यांचं निमित्त काढून फोन केले. संध्याकाळी ताईने त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पेडल, केस, रिकाम्या सायकलवरचा भार. काही लपवलं नाही.

तिला वाटलं तो हसेल. नाहीतर घाबरेल.

चाक्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि ते उतरलं, तर माझे किती उरतात?"

"दोनशे दहा."

"दोनशे दहावर कोणी घेत नाही, ताई."

तो नखं बघू लागला.

"मग राहू दे ना त्याला."

त्या घरघरीपेक्षा, त्या लाळेपेक्षा, तिला किळस आली ती या वाक्याची. असं ती मला म्हणाली. पाठच्या भावाबद्दल असं वाटावं, याची लाज वाटते, असंही म्हणाली.

तो संघाबरोबर गेला. सायकल घेऊन गेला. जिंकतो आहे. दोन्ही आकडे दर वेळी जुळतात. मागच्या खोलीत आता वास येत नाही.

मागच्या महिन्यात चाक्या आमच्याकडे येऊन गेला. तसाच हसरा, तसाच बोलका. फक्त खुर्चीवर टेकून बसेना. अगदी टोकावर बसला, पाठीमागे जागा सोडून.

"नीट बस की रे," मी म्हटलं.

"बसलोय की," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी खुर्चीची पाठ पुसली. फडक्याला काय लागलं ते लिहिण्याची माझी इच्छा नाही. फडकं मी फेकून दिलं. खुर्ची बाल्कनीत, उन्हात ठेवली आहे.

अजून वाळलेली नाही.