करंगळीला काम नाही

"आधी मी!"

"अहो, मी आधी आलोय."

लिफ्ट एवढीशी. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, पेटीत घातला की अख्ख्या माणसाची जागा खातो. आम्ही दोघं, आमच्या दोन पेट्या… आणि मला आधीच दहा मिनिटं उशीर झालेला.

"तुम्ही जिन्याने जा ना. धडधाकट तर दिसताय!"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, हसला, आणि पेटी पाठीवर टाकून खरंच चार मजले चढून गेला. मी वर पोचले तर तालमीच्या खोलीत पहिल्या खुर्चीत तोच! वाद्यवृंदाचा मुख्य चेलोवादक. आणि मी बदली वादक, तोही पहिलाच दिवस. जीभ चावली, पण आता काय उपयोग?

"या, लिफ्टबाई," तो म्हणाला. "तुमची जागा माझ्या शेजारी."

नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्षभर आम्ही एकाच स्टँडवरची पानं वाचून वाजवलं. पान उलटायचं काम माझं. हात पुढे केला की त्याची बाही निसटती लागायची आणि माझी पुढची ओळ हमखास चुकायची. सकाळी तालीम, दुपारी तो स्वतःच्या रचना लिहायचा, शनिवारी पोरांना शिकवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही.

"जेवायला बसल्यापासून त्याचंच पुराण चाललंय," ताई म्हणायची.

"बरं, नाही बोलत!" मी फणकारायचे… आणि दोन घासांनी पुन्हा सुरू. काय करणार? जीव जडला होता.

एका दुपारी त्याने मला घरी बोलावलं. दोन चेलोंसाठी नवी रचना लिहिली होती, एक भाग त्याचा, एक माझा. मी घाईघाईत त्याचेच कागद उचलले आणि वाजवायला लागले. वाजवता वाजवता हसू आलं. तीन पानं झाली, तरी डाव्या हाताच्या करंगळीला एकदाही काम नाही! चेलोवर असं कोणी लिहीत नाही. साधं काम उगाच अवघड होतं.

"काय रे, करंगळीला रजा दिलीस की काय?"

तो हसला नाही. हात पुढे केला… करंगळी आत वळलेली, सरळच होत नव्हती.

"सहा महिने झाले," तो म्हणाला. "नस गेलीय. डॉक्टर म्हणतात, आता सुधारणार नाही. तीन बोटांवर भागवतोय… पण किती दिवस?"

सहा महिने मी खेटून बसले होते, आणि मला दिसलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला, की धड सॉरीही म्हणता आलं नाही.

महिन्याभरात त्याच्या जागेची निवड चाचणी लागली. "तू बसायचंस," त्याने बजावलं. दुसऱ्या गावातल्या संगीतशाळेत त्याने नोकरी धरली होती. पण कार्यालयात मी ऐकलं होतं, कोणीच पसंत पडलं नाही तर कार्यक्रमांचा हंगाम संपेपर्यंत त्यालाच थांबवून घेणार. चार महिने! मला ते चार महिने हवे होते.

चाचणी पडद्याआड होते. पावलांवरूनही ओळख पटू नये म्हणून बूट बाहेर काढायचे. नाव नाही, फक्त नंबर. माझा अकरा. पलीकडे परीक्षक, त्यांत तोही. मी वाजवायला घेतलं आणि मुद्दाम, ठरवून, बेसूर वाजवलं.

पलीकडून त्याचा आवाज आला.

"अकरा नंबर, पुन्हा वाजवा."

त्याने मला ओळखलं होतं. त्यानंतर मला खोटं वाजवताच आलं नाही.

निकाल लागला, जागा मला मिळाली. मी अजून बूट हातात घेऊन व्हरांड्यात उभी होते. तो आला.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो!"

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून. एवढंही कळत नाही? आवडतोस मला तू!"

"कळत होतं," तो हळूच म्हणाला. "मलाही तू… फार."

"मग थांब ना!"

त्याने मान हलवली. "तू दुसऱ्यांदा वाजवलंस ना, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. आधी हेवा वाटला. तुझा! लाज वाटली गं मला. तो हेवा जाईपर्यंत मला लांब राहू दे."

"आणि नाहीच गेला तर?"

त्याने माझ्या हातातले बूट घेऊन माझ्या पायांशी ठेवले, आणि गेला.

सोमवारी मी त्याच्या खुर्चीत बसले. ती त्याच्या उंचीला लावलेली, माझ्या टाचा टेकेनात. शेजारच्याने विचारलं, "खाली करून देऊ?"

"राहू दे," मी म्हणाले.

मध्यंतरापर्यंत तसंच वाजवलं. पाठ धरली, सूर हलायला लागले. त्याने हे एक मिनिट चालवून घेतलं नसतं. मग सगळे चहाला गेल्यावर मी खाली बसून स्क्रू फिरवला, खुर्ची माझ्या मापाची केली… आणि तिथेच, तिच्यावर डोकं टेकून पोटभर रडले.