पंप चालू आहे

ती आली तेव्हा तिची पिकअप ट्रॅक्टरला दोराने बांधलेली होती, आणि ती स्वतः स्टिअरिंगवर बसून ट्रॅक्टरवाल्याला हळू चालव म्हणून ओरडत होती. माझ्या गॅरेजच्या दारात दोर सोडला. ती उतरली, केसांत अडकलेली एक मेलेली मधमाशी काढून तिने खिशात ठेवली आणि म्हणाली, "सेल्फ मारला की फिरते, पण पकडत नाही. तुम्ही म्हणे गाडी न खोलता सांगता, काय झालंय ते?"

"लोक काय, काहीही बोलतात."

"म्हणजे खोटं आहे?"

खोटंच होतं. पण ते मी सांगितलं नाही.

वीस वर्षांच्या ठोकाठोकीने माझे कान गेले आहेत. माणूस समोर असला की ओठांवरून बोलणं कळतं, कोणी ओरडलं तर ऐकू येतं. बारीक आवाज मात्र येत नाहीत. पेट्रोल गाडीची किल्ली अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो. गुणगुणला तर पेट्रोल येतंय, दोष ठिणगीत शोधायचा. नाही गुणगुणला तर पंपाकडे वळायचं. ते गुणगुणणं माझी बायको ऐकायची. मागच्या खोलीतून हात पुसत यायची, टाकीपाशी उभी राहायची. मी किल्ली फिरवली की म्हणायची, "आहे," नाहीतर, "नाही." गिऱ्हाइकांना वाटायचं, कान माझा. मीही वाटू दिलं.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मी फक्त ब्रेक आणि क्लचची कामं घेत होतो. बाकीच्यांना वेळ नाही म्हणून सांगायचो. वेळच वेळ होता.

हिलाही तेच सांगणार होतो. पण ती बोलतच होती. "माझ्या मधमाश्यांच्या छत्तीस पेट्या सूर्यफुलाच्या शेतात आहेत. शेतकरी परवा सकाळी औषध फवारणार. त्याआधी पेट्या हलवल्या नाहीत तर सगळ्या माश्या मरतील. माश्या घरी परतल्यावरच पेटी उचलता येते, म्हणजे संध्याकाळी. आणि एका खेपेला अठराच पेट्या बसतात, चढवता-उतरवता रात्र होते. आजची एक, उद्याची एक."

"दुसरी गाडी बघा ना."

"बघितली. एक टेम्पोवाला तयार झाला होता. म्हणाला, माल काय? मी म्हटलं, पेटीला कान लाव. अजून पळतोय तो."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं... आणि लगेच लाज वाटली.

मी किल्ली अर्धी फिरवली. गाडी माझ्यासाठी मुकी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. टाकीपाशी कोणी नव्हतं. आणि मी म्हणालो, "पंप चालू आहे."

पेट्रोलचा पाइप सोडून खात्री करता आली असती. पाच मिनिटांचं काम. पण पाइप न सोडता सांगणारा म्हणूनच माझं नाव होतं, आणि ते नाव गेलं असतं तर बायकोचं माझ्याकडे काहीच उरलं नसतं. असा काहीतरी विचार होता. आता लिहिताना तो मूर्खपणाचा दिसतो.

मग मी ठिणगी शोधत बसलो. प्लग बदलले. कॉइल बदलली. इंजिन नुसतं फिरत राहिलं. अंधार पडायला आला तशी ती बोलायची थांबली. जाताना एवढंच म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत होईल ना, मिस्त्री?"

"होईल, बाई."

"बाई नका म्हणू. शाळेत गेल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या वेळेला आली. गाडी तशीच होती. बॅटरीही दमत चालली होती. मी बॉनेटखाली वाकून नुसता उभा होतो, हातात पाना होता आणि सोडायला काही नव्हतं. मागून ती काहीतरी म्हणाली असावी, कारण एकदम ती माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली.

मी पाना फडक्याने पुसायला लागलो.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं. मोठ्याने बोललं की येतं."

"मग पंप कसा ऐकलात?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी पाना खाली ठेवला.

"ऐकला नाही. तो कान माझा नव्हता. माझ्या बायकोचा होता. ती असती तर तुमची गाडी कालच गेली असती."

तिच्या चेहऱ्यावर राग यायला थोडा वेळ लागला, पण आला. "दोन खेपा लागतात. त्यातली एक संध्याकाळ तुम्ही घालवलीत. अठरा पेट्या. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"कोणाला कधी सांगितलंत, की ते ती ऐकायची?"

"नाही."

"तिलाही कधी म्हणालात?"

याचंही उत्तर ‘नाही’ असंच होतं. मी नुसती मान हलवली.

तिने कोपऱ्यातलं पोतं ओढलं, गाडीखाली अंथरलं आणि त्यावर आडवी झाली. "मी दिवसभर पेट्यांना कान लावून असते. फिरवा किल्ली. आवाज आला तर पाय हलवीन."

मी किल्ली फिरवली आणि खाली वाकून पाहिलं. दोन धुळकट चपला दिसत होत्या. हलल्या नाहीत. पुन्हा फिरवली. नाही.

ती बाहेर आली. कानाला टाकीचा चिखल लागला होता. "राणी मेलेल्या पेटीतसुद्धा याच्यापेक्षा जास्त आवाज असतो."

मग मला काम सुचलं. पंपाचा फ्यूज पाहिला, ठीक होता. पंपाला वीज जोडून देणारा रिले काढला आणि त्याच्या जागी हॉर्नचा बसवला, दोन्ही सारखेच असतात. ती पुन्हा पोत्यावर गेली. मी किल्ली फिरवली... आणि उजवा पाय हलला.

सेल्फ मारताच गाडी पकडली. मला ते स्टिअरिंगच्या थरथरीतून कळलं.

"हॉर्न वाजणार नाही," मी म्हणालो.

"माश्या वाट देतात," ती म्हणाली. हसली नाही. "चला. पेट्या उचलायला दुसरा माणूस लागतो, आणि आज तो तुम्हीच."

सूर्य मावळताना आम्ही अठरा पेट्या चढवल्या. उरलेल्या अठरांवर, सकाळचा फवारा आत जाऊ नये म्हणून, ओली पोती टाकली. प्रत्येक पोतं टाकताना ती पेटीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे काय ते मला कळलं नाही. मला दोन डंख बसले. तिने नखाने काटे काढले. हात हातात असतानाच विचारलं, "काय झालं होतं तिला?"

"ताप. चार दिवस. साधाच आहे म्हणाली."

तिने हात सोडला नाही... मीही काढून घेतला नाही. घरी आल्यावर त्याच हाताने बायकोच्या फोटोवरची धूळ पुसवेना.

चार दिवसांनी ती गॅरेजात आली. "अठरातल्या सात गेल्या," म्हणाली. "साफ करायच्यात. येताय का?"

तिच्या अंगणात आम्ही सात पेट्या उघडल्या. तळाशी माश्यांचे थर होते. मी ब्रशने लोटत होतो, ती सुपड्यात भरत होती. तिसऱ्या पेटीला माझा हात थांबला. बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक होते, कामं होती. इथे, परक्या अंगणात, मेलेल्या माश्या बघून मला आवरलं नाही.

"रडा," ती म्हणाली. "मी काल उरकून घेतलंय."

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "माझ्यावर राग आहे?"

"आहे. सात पेट्यांचा आहे. कमी होईल, पण सगळा जायचा नाही." मग सुपडं रिकामं करत, "तरी बोलावलं ना?"

शेवटच्या पेटीतल्या चौकटी काढून झाल्या. आत नुसतं लाकूड राहिलं, मेणाचा वास असलेलं.

"याचं आता काय करता?"

"सोड्याच्या पाण्याने धुवायची. उन्हात ठेवायची. मग दुसऱ्या माश्या आणून बसवायच्या."

"लगेच?"

"नाही. वास जाईपर्यंत थांबायचं."

"आधीच्यांचा?"

"हं."

मी पेटीत बघत राहिलो. "आणि नाहीच गेला तर?"

ती उठली, वळसा घालून माझ्या समोर येऊन बसली, मला ओठ दिसतील अशी. सावकाश म्हणाली, "पूर्ण कधीच जात नाही, मिस्त्री. नव्यांना चालतो तो."

मी सोड्याची बादली भरायला उठलो.