साठ फूट

हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता. गुरुवारी सकाळीच लेम्पीनं गोठ्यामागं गवताचे गठ्ठे रचले, तिथून साठ फूट मोजून खुंटी ठोकली आणि धनुष्याचा नेम बसवायला घेतला. मागच्या वर्षी तिचा बाण खाली लागला होता. जखमी हरण रक्त सांडत पळालं, तीन दिवस शोधूनही सापडलं नाही. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं होतं, नेम बिनचूक बसल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही.

पहिले तीन बाण एकमेकांना खेटून लागले, पण मध्यापासून वीतभर खाली. तिनं धनुष्यावरची नेमाची पिन खाली सरकवली, म्हणजे धनुष्य जरा वर धरलं जाईल, आणि स्क्रू आवळला. पुढचे तिन्ही मध्यावर.

आत जाऊन कॉफी पिऊन आली. पुन्हा वीतभर खाली.

तिचा संशय सरळ नवऱ्यावर गेला. ओढ्याकाठचं तिचं मचाण ऑर्व्होला यंदा आपल्या भावाला द्यायचं होतं. "तू बस घरी, गुडघे शेक," असं दोनदा म्हणूनही झालं होतं.

तिनं पिन पुन्हा बसवली, स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढली आणि धनुष्य हातातून सोडलंच नाही. रेघ तसूभर हलली नाही. बाण मात्र आणखी खाली.

"ऑर्व्हो! गठ्ठे मागं सरकवलेस ना?"

"मी? या कंबरेनं?" तो गोठ्यातून बाहेर आला. "आण फीत. मोजूनच टाकू."

फितीचं टोक धरून तो गठ्ठ्यांपर्यंत गेला. फितीची चक्री घेऊन लेम्पी खुंटीपाशी उभी राहिली. साठ. बरोब्बर साठ.

"झालं समाधान? उगाच माझ्यावर आळ. हातच म्हातारा झालाय तुझा!"

टोक हातात धरूनच तो परत निघाला.

फीत सैल पडायला हवी होती. ती ताठच राहिली.

लेम्पीच्या तळहातात चक्री हळूच फिरली. एकसष्ट.

तिनं वर पाहिलं. ऑर्व्हो तिच्याकडेच तोंड करून चालत होता, नेहमीसारखा, उजवा पाय जरा ओढत.

चौसष्ट.

"अरे, मागं कशाला जातोयस?"

"येतोय की!" तो हसला. आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

ती चार पावलं त्याच्याकडे धावली.

बहात्तर.

ती थांबली. तो चालतच होता.

एकोणऐंशी. ऐंशी.

फीत शंभर फुटांचीच होती.