दहा फुटांवरची देवयानी

माझ्याकडे एकच लेन्स आहे. पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटर. तिला झूम नाही. उभ्या जागेवरून माणूस जवळ ओढायची सोय तिच्यात नाही. माणूस जवळ हवा असेल तर आपण चालत जायचं, लांब हवा असेल तर मागे सरकायचं. सोलापुरातल्या लग्नांत हल्लीची पोरं हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन मंडपाच्या खांबाला टेकून उभी असतात आणि तिथूनच नवरीच्या नथीतला मोती टिपतात. मला ते शेजाऱ्याच्या घरात दुर्बीण लावल्यासारखं वाटतं. माझी मुलगी भार्गवी म्हणते, "बाबा, त्या म्हातारीला आता पेन्शनीत काढा की." मी म्हणतो, आधी मी जातो, मग ती.

एकतीस वर्षांत माझ्या पायांना फूट कळायला लागले आहेत. चेहऱ्याला तीन फूट, कमरेपर्यंत पाच, उभ्या माणसाला दहा. लेन्स रोलच्या जमान्यातली, तिचा फोकस हाताने कडं फिरवून करावा लागतो. त्या कड्यावर अंतरं कोरलेली आहेत: दीड, तीन, पाच, सात, दहा, पंधरा, तीस आणि शेवटी आडवा पडलेला आठ. आडवा आठ म्हणजे अनंत. क्षितिज, डोंगर, चंद्र, सगळं त्यात. ज्या आकड्यावर माणूस स्पष्ट दिसतो तितके फूट तो तुमच्यापासून लांब असतो. टेप लावून बघा, वीतभरही फरक पडायचा नाही. माणसं खोटं बोलतात, कडं बोलत नाही.

कामाला निघण्याआधी मी रोज घरात एक फोटो काढतो. दुकानदाराला सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी, तशी ही माझी भवानी. कॅमेरा नीट चालतोय ना, तेही त्यात कळतं. हा फोटो देवयानीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत चहा घेत बसलेली असते आणि मी मधल्या दाराच्या उंबऱ्यात उभा असतो. उंबऱ्यापासून खुर्ची दहा फुटांवर. खुर्चीमागची भिंत बारा फुटांवर, तिच्यावर कॅलेंडर. कडं दहावर लावायचं, खटका दाबायचा आणि चपला घालून बाहेर पडायचं. ती महापालिकेच्या शाळेत बाई होती. तेव्हाही खांद्याला पर्स आणि हातात कप घेऊन ती माझ्या भवानीपुरती बसायचीच.

"कसा आलाय?" ती विचारायची.

"नेहमीसारखा."

खरं सांगायचं तर आमचं सकाळचं बोलणं एवढंच होतं. संध्याकाळचं याहून फार लांबलचक होतं असं नाही.

फेब्रुवारीत ती निवृत्त झाली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भवानीचा फोटो धूसर आला. हात हलला असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून पाहिला. हात हलला असता तर सगळंच फिसकटलं असतं. इथे खुर्चीचा वेत न वेत मोजता येत होता. खुर्चीत बसलेली देवयानी तेवढी धूसर होती.

दुसऱ्या दिवशी मी कड्याकडे न बघता, फक्त तिच्या डोळ्यांकडे बघत फोकस केला. तिच्या पापण्या लख्ख दिसल्या तेव्हा थांबलो आणि मग आकडा पाहिला. दहा आणि पंधराच्या मध्ये, पंधराच्या जरा जवळ. म्हणजे तेरा फूट. भिंत बारा फुटांवर आहे.

मी टेप काढून पुन्हा मोजलं. भिंत बाराच फुटांवर होती.

नवी पेठेत विरेश कॅमेरे दुरुस्त करतो. त्याच्या बापापासून माझी लेन्स त्याच दुकानात साफ होते. त्याने ती दिव्यासमोर धरली, भिंतीवरच्या तक्त्यावर पाच अंतरांवरून तपासली आणि कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"सर, भिंग लई क्लिअर हाय. बुरशी न्हाय, ढिली न्हाय, काय न्हाय."

"मग अंतर चुकीचं का दाखवतीय?"

"न्हाय दाखवत की. तुमच्यासमोरच मोजलं." त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "डोळ्याचा नंबर बघून घ्या, सर. वय झालं की होतं."

नाचता येईना अंगण वाकडे, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलोय, त्यामुळे लेन्स पिशवीत टाकली. डोळ्यांचा डॉक्टरही गाठला. नंबर होता तोच होता.

मग मी जुन्या भवान्या काढल्या. गेल्या दहा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या माझ्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पट्टी ठेवून मी तिचा चेहरा मोजू लागलो, हनुवटीपासून भांगापर्यंत. दहा वर्षं चेहरा चार सेंटिमीटर होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पावणेचार. आता तीन. खुर्ची तेवढीच, कॅलेंडर तेवढंच. नुसत्या डोळ्यांना ती रोजच्यासारखीच दिसायची, फोटोत मात्र मोठ्यांच्या खुर्चीत बसवलेल्या पोरीसारखी. झूम नसलेल्या लेन्समध्ये माणूस लहान दिसतो त्याचं एकच कारण असतं. मी हे हजार वेळा शिकाऊ पोरांना सांगितलंय.

एप्रिलच्या शेवटी भार्गवी म्हणाली, "बाबा, आई वाळलीय का हो?" मला वाटलं, चला, हिलाही दिसतंय. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वजन अठ्ठावन्न किलो, जानेवारीतही अठ्ठावन्नच होतं. रक्त चांगलं, साखर नाही. देवयानी येताना रिक्षात हसत होती. डॉक्टरला काम नव्हतं, तुम्ही दिलंत, म्हणाली.

पण ते ती लगेच म्हणाली नाही. मी काहीतरी विचारलं, रिक्षाने एक खड्डा ओलांडला आणि मग ती म्हणाली.

ते एकदा ध्यानात आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. "चहा घेतलास?" मी विचारायचो. ती माझ्याकडे बघत राहायची. चेहऱ्यावर काहीच नाही, राग नाही, विचार नाही. मग, "घेतला की." भार्गवीने कानाची तपासणी करवली. कान उत्तम होते. कंबर तलावाच्या पलीकडच्या काठाला बाई धुणं धूत असते, तिचा हात खाली आलेला आधी दिसतो आणि आपटल्याचा आवाज मागाहून येतो. हे तसं होतं. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. ती एका सेकंदाने उत्तर देत होती. माझं बोलणं जायला अर्धा आणि तिचं यायला अर्धा. हिशेब सोपा होता: साडेपाचशे फूट.

कडं एप्रिलच्या मध्यावर तीसवर गेलं होतं, महिनाअखेर आडव्या आठावर टेकलं. त्यापुढे कडं फिरत नाही. त्यापुढे माणूस स्पष्टच दिसत राहतो, फक्त लहान होत जातो.

आता तिच्या पदराला वारा लागलेला दिसायचा. फोटोत पदर डावीकडे उडत असे. आमचा पंखा वरून खाली वारा देतो आणि खिडकी उजवीकडे नाहीच. एका फोटोत तिने केसांवर हात धरला होता, उडू नयेत म्हणून. मी कॅमेरा खाली केला तेव्हा खुर्चीतल्या देवयानीचे दोन्ही हात कपाभोवती होते.

जवळ जाऊन मी तिचा हात धरून पाहिला. चार पावलांत खुर्ची येते. हात कोमट होता, ओळखीचा होता, पण चादरीवरून धरल्यासारखा लागत होता. ती हसली, जरा उशिरा.

मी तिला सांगायला हवं होतं. रोज ती विचारायची, "कसा आलाय?" आणि रोज मी "नेहमीसारखा" म्हणायचो. बत्तीस वर्षांचा संसार, आणि तू माझ्यापासून लांब चालली आहेस एवढं एक वाक्य मला बोलता येईना. मला भीती वाटत होती. मी ते बोलेन, ते तिच्यापर्यंत पोचेल, आणि उत्तर येणार नाही.

विरेशने एकदा त्याची लांब लेन्स पुढे केली. "सर, हितं उभं राहून तितला माणूस जवळ घ्या की. कशाला पाय मोडताय?" मी ती हातात घेऊन परत दिली. तिच्यातून देवयानी मोठी दिसली असती. जवळ आली नसती.

मेच्या नऊ तारखेला, सकाळी आठ वाजता, फोटोत ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती.

ऊन तेव्हाच तापलं होतं. भार्गवी आतल्या खोलीत बँकेत जायची तयारी करत होती. पंख्याखाली कॅलेंडरची पानं फडफडत होती. खुर्ची मोठी, रिकामी वाटावी अशी, आणि तिच्या मधोमध तो दाणा. उद्या तो दिसला नसता. हे मला पट्टी न लावता कळलं.

मी या वेळी कॅमेरा खाली घेतला नाही. डोळ्यांनी चाललो की खुर्ची येते आणि ती येत नाही, हे मी करून पाहिलं होतं. डोळा कॅमेऱ्याला तसाच लावून ठेवला, डावा हात कड्यावर, आणि उंबऱ्यावरून पाऊल टाकलं.

एक, दोन, तीन, चार.

चौथ्या पावलाला गुडघा खुर्चीला लागायला हवा होता. लागला नाही.

पाच. सहा. पायांखाली आमचीच शहाबादी फरशी होती. गार. फरशांचे सांधे तळपायांना कळत होते. पाचव्याच पावलाला भिंत मागे पडली असणार, पण मी बघितलं नाही. डोळा हलवला असता तर सगळं गेलं असतं.

पन्नास. साठ. वारा उजवीकडून येत होता. पंख्याचा आवाज मागे राहिला.

ती बसली होती. मला ती हळूहळू मोठी होताना दिसत होती, आणि मला रडू येत होतं. काचेवर वाफ धरेल म्हणून मी श्वास तोंडाने सोडत होतो.

एकशेसाठ. कडं आडव्या आठावरून सुटलं.

तीस फूट. पंधरा.

दहा.

दहा फुटांवर माझे पाय आपोआप थांबले. बोट खटक्यावर गेलं. इतकी वर्षं मी इथेच थांबत आलो होतो. चौकट अचूक होती, उजेड तिच्या डाव्या गालावर होता.

फोटो न काढता मी पुढे गेलो.

सात, पाच, तीन, दीड. मग तिचा चेहरा पुन्हा धूसर झाला. दीड फुटाच्या आतलं माझ्या लेन्सला दिसत नाही. मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि तिचा हात धरला. मधे चादर नव्हती. तिची बोटं खरखरीत होती, खडूने झालेली, आणि घामाने ओली.

"देवयानी," मी म्हणालो, "तू कुठं चालली होतीस ग?"

ती लगेच बोलली.

"मी कुठं जाणार? मी इथंच बसलेय की. तुम्हीच रोज एकेक पाऊल मागं सरकत होता." तिने माझ्या गालावरचं पाणी पदराने पुसलं. "मला वाटलं, फोटोसाठी सरकताय. म्हणून हाक मारली नाही."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो. तिने कप माझ्या हातात दिला. अर्धा चहा होता, अजून गरम. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण पुष्कळ बोललो. तिचं उत्तर माझ्या बोलण्याला लागूनच येत होतं, मधे कुठे फट नव्हती.

मग मी मागे वळून पाहिलं.

आमचं मधलं दार फार लांब होतं, काडेपेटीएवढं. त्यातून भार्गवी हॉलमध्ये आली. खांद्याला पर्स होती. ती खुर्चीकडे बघत होती, म्हणजे आमच्याकडेच. तिने तोंड उघडलेलं दिसलं. तिचं "आई?" आमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंद लागला. मी ओरडलो. देवयानीनेही हाक मारली, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारी.

भार्गवीपर्यंत काहीच पोचलं नाही. तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, दाराबाहेरच्या आमच्या चपला पाहिल्या. आम्ही शेजारी गेलो असू, असं तिला वाटलं असावं. मग भिंतीजवळ जाऊन तिने पंखा बंद केला आणि बाहेरून कडी लावून ती कामाला गेली.

खोलीत कुणी नसलं की पंखा बंद करायचा, ही सवय तिला मीच लावली होती.