चौकटीवरचं माप

त्या दिवशी ऊन असं होतं, की हातपंपाचा दांडा फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नव्हता. रस्त्यावर झळा हलत होत्या. कुत्री नालीतल्या ओलीला पोट लावून पडली होती. बाराच्या सुमारास वडनेरच्या त्या गल्लीत माणूस म्हणून एकच, अण्णाजी सुतार. डोक्याला दुपट्टा, खांद्याला हत्याराची पिशवी. अंगणवाडीत उंची मोजायची पट्टी भिंतीवरून सुटली होती, ती ठोकून द्यायची होती.

शेजारच्या वच्छलाबाई दारातूनच ओरडल्या, "काऊन फिरून राह्यले उन्हात, अण्णाजी? पणतू पाहाचा हाय का नाई?"

"पाहाचा हाय म्हणूनच सावलीसावलीनं चाललो न, बाई."

त्यांची नात वर्षाली बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. मुलगा धनंजय आणि सून त्या दिवशी नालवाडीला लग्नाला गेले होते. "तुम्ही जा, मले काही नाई होत," असं वर्षालीनंच सांगून त्यांना पाठवलं होतं.

अंगणवाडीत गावची आशा कार्यकर्ती छाया हिनं पट्टी धरली, अण्णाजींनी खिळे ठोकले. पट्टीवर एका ठिकाणी लाल रेघ होती. अण्णाजींना अक्षर येत नव्हतं, पण रेघ म्हटली की सुताराचा डोळा तिथं थांबतोच.

"ही कायची, ताई?"

"पावणेपाच फुटांची. याच्याखाली बाई राहिली, त तिचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात. ठेंगणीचं कमरेचं हाड लहान राह्यते जी. कधी लेकराचं डोकं उतरतच नाई."

"सगळ्याच ठेंगण्यांचं असं होते?"

"नाई हो. लय जणी सुखरूप सुटतात. पण कोण अडन, हे आधी कोण सांगणार? म्हणून ऑपरेशनची सोय जवळ पाह्यजे."

"आमची वर्षाली…"

"तिचं कार्ड पाहिलं मी. समुद्रपूरले, सासरी बनवलं. पाच फूट एक लिहिलं हाय."

अण्णाजींचा हातोडा थांबला. तो आकडा त्यांच्या ओळखीचा होता. लग्नाच्या वेळी बायोडाट्यात धनंजयनं तोच लिहिला होता, आणि पाहुण्यांपुढे पोरीला उंच टाचेचे सँडल घालून उभं केलं होतं. पुढं कार्ड बनवताना नर्सनं उंची विचारली, तर सासू शेजारीच. वर्षालीनं तोच आकडा सांगून टाकला. माहेरी आल्यावर तिनं आजोबाला हे हसत हसत सांगितलं होतं, आणि तेही हसले होते.

आता मात्र हसू आलं नाही. पण घरातली गोष्ट एकदम कशी बोलायची? आधी माप घेऊ, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. माप घ्यायच्या आपल्या सागवानी गजावर त्यांनी लाल रेघेची खूण पेन्सिलनं उतरवून घेतली आणि घरी आले.

उन्हातून आत पाऊल टाकलं तसे डोळे मिटल्यासारखेच झाले. सगळा काळोख. त्या काळोखात वास आला… ओवा-शेपाच्या धुरीचा. धुरी तर बाळंत झाल्यावर देतात. कोणी पेटवली? आणि कुठंतरी पाणी ठिबकत होतं. एक थेंब… मग बराच वेळ काही नाही… मग एक थेंब.

मधल्या दाराच्या चौकटीत लहानशी आकृती उभी होती. डोक्यावरून पदर.

"बरं झालं उठली, बेटा. जराशी चौकटीले टेकून उभी राहा. माप घ्यायचं हाय."

तिनं पाठ टेकवली, टाचा जुळवल्या, मान सरळ धरली. जणू कितीतरी दिवसांपासून कोणीतरी हे म्हणावं म्हणून थांबली होती. अण्णाजींनी काटकोनाचा गुण्या तिच्या डोक्यावर आडवा धरला. बोटांना पदर लागला. गार. ओलागच्च.

"न्हाली का तू?…"

त्यांनी चौकटीवर रेघ ओढली, गज लावला. लाल रेघेच्या खुणेहून तीन बोटं खाली.

"आता… नेता ना?" आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. "मागच्यासारखी… सांजेची वाट नका पाहू…"

त्याच वेळी आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. अण्णाजींनी तिकडं मान वळवली, परत पाहिलं, तर चौकट रिकामी. आत धावले. वर्षाली बाजेची पाटी दोन्ही हातांनी आवळून पडली होती. केस कोरडे, ओठ कोरडे.

"कवापासून दुखून राह्यलं?"

"सकाळपासून, आबा… वच्छलाआजी म्हणे, पहिलटकरणीले वेळ लागते… सांजेपर्यंत वाट पाहाची, तवर कोणाले सांगू नको…"

विचार करायला वेळ नव्हता. अण्णाजी अनवाणी अंगणवाडीकडं पळाले, बायोडाट्यातल्या आकड्याचं सगळं छायाला सांगितलं. छाया आली, चौकटीवरची रेघ पाहिली, पोरीकडं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि फोन लावला. गाडी थेट वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात गेली. दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, डोकं अडकलं होतं. वेळेवर आणलंत. थोडा उशीर झाला असता, तर दोघींपैकी कोण वाचलं असतं, सांगता येत नाही."

अण्णाजी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाही. मग ते छायाच्या पाया पडायला गेले, ती रागावली. "पाया काय पडता? आधी त्या धनंजयभाऊचा बायोडाटा फाडा."

दोन दिवसांनी वर्षाली जरा टेकून बसली, तेव्हा अण्णाजी म्हणाले, "बरं झालं, तू त्या दिवशी उठून उभी राहिली."

"मी कुठं उठली, आबा? मी त बाजेवरच होती. तुम्ही कोणासंगं बोलून राह्यले होते दारात?"

अण्णाजींची बायको विमला त्यांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापर्यंत यायची. नातीचा बांधा तिचाच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या खेपेला, घरातल्या त्याच आतल्या खोलीत, सगळ्यांनी सांजेपर्यंत वाट पाहिली होती. लेकरू पोटातच राहिलं, आणि तीही गेली. शेवटची आंघोळ घातलेलं तिचं अंग असंच गार होतं. भीती वाटलीच नाही असं नाही. पण भीतीच्या कितीतरी वर तिचे उपकार होते. त्यांनी दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून हात जोडले आणि पुष्कळ वेळ जोडूनच ठेवले.

आठव्या दिवशी सुट्टी झाली. वर्षाली बाळाला घेऊन आईबापासोबत घरापुढच्या गाडीत बसून होती. बाळंतिणीला घरात घ्यायच्या आधी मधल्या चौकटीपुढं नारळ ठेवावा म्हणून अण्णाजी एकटेच पुढं आले, कुलपाला किल्ली लावली. तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. एरवी दुरूनच टोमणा मारणारी बाई, आज अगदी जवळ येऊन, हळू आवाजात बोलली,

"अण्णाजी, तुम्ही सारे तिकडं दवाखान्यात, आन इकडं सात रात्री तुमच्या बंद घरात तान्हं लेकरू रडत होतं… आज पहाटे कुठं चूप झालं. दार हळूच उघडजा… आत्ताच निजलं असन."