दहापैकी चार

सुनंदा सिस्टरने सुई पुढे केली आणि प्रितम कोळीने डोळे गच्च मिटून हाताशी आलेलं मनगट धरलं. ते रेवाचं होतं. पनवेलच्या त्या क्लिनिकमधली ही फिजिओथेरपिस्ट बिचारी फक्त फाईल न्यायला आत आली होती.

"सात जणांच्या अंगावर एकटे धावून जाता, आणि सुईला घाबरता?" रेवाने विचारलं.

"ते सात जन हातान सुई घेऊन नाय येत, मॅडम."

उरणजवळच्या करंजाचा हा कबड्डीपटू, गुडघ्याचं लिगामेंट दुखावलेलं. डॉक्टर त्याचंच रक्त यंत्रात फिरवून, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून गुडघ्यात टोचणार होते.

"माजाच रगत मनाच परत? मंग तुमचा त्यान काय?"

"मेहनत," रेवा म्हणाली, आणि मनगट सोडवून घ्यायचं विसरली.

मग दर मंगळवारी व्यायाम. दुखणं दहापैकी किती, हे ती विचारायची. नऊ... सात... पाच... चार. चारावर मात्र गाडी अडली. नागपूरच्या एका कंपनीच्या संघाची निवड तोंडावर आलेली. निवड झाली तर कायमची नोकरी. रेवाने तंदुरुस्त म्हणून लिहून दिल्याशिवाय मैदानात उतरता येणार नव्हतं.

"आज?"

"चारच," तो तिच्याकडे बघून हसायचा.

एका मंगळवारी संध्याकाळी तिने खिडकीतून पाहिलं. लंगडत जिना उतरलेला प्रितम सुटलेल्या उरणच्या एसटीमागे धावला आणि उडी मारून आत चढला! रेवाला हसू आलं, मग ओसरलं. तिचा साखरपुडा ठरला होता, पुढच्या महिन्यात, पुण्याच्या सत्यजीतशी. हे प्रितमला सांगायचं रोज राहून जात होतं. दोन मंगळवार ती गप्प बसली. तिलाही ते चार हवेच होते.

तिसऱ्या मंगळवारी मात्र तिने सही केलेला कागद त्याच्यापुढे ठेवला.

"माजा पाय दुखतंय अजून," तो कागदाकडे न बघता म्हणाला.

"एसटीमागे धावताना नाही दुखला?"

त्याने कागद उलटा करून ठेवला.

"बरा झालो तं हितं कशाला येऊ, मॅडम? तुमी भेटता म्हनून येतंय मी... तुमी सांगा, नाय जात नागपूरला."

साखरपुड्याचं खरं सांगितलं तर हा खचेल, नागपूरला जाणार नाही, करंजालाच बसेल, हे तिला लख्ख कळलं. न सांगणं किती वाईट, तेही कळलं.

"जा," ती म्हणाली. "मलाही तुम्ही... फार आवडता. म्हणून जा."

त्याचा चेहरा उजळला. "नोकरी लागली का तुमच्या घरी इचारायला येतंय. तवर थांबाल ना?"

रेवाने मान हलवली. हो म्हणून.

तो ताठ चालत निघून गेला. तिने दार लावून घेतलं आणि ती ओक्साबोक्शी रडली.