टाचा दाराकडे

माळ्याच्या जागेसाठी सरकारला फार काही नको होतं. सातवी पास, वय पंचेचाळिसाच्या आत, अंगमेहनतीची तयारी, आणि साहेबांसमोर झाडाला एक आळं करून दाखवायचं. योगेश्वरीने ते इतकं गोल केलं, की साहेबांनी कागदातून मान वर केली. नेमणुकीच्या अटी मात्र दीड पान भरल्या होत्या. सकाळी सातला हजर राहावे. परवानगीशिवाय बाहेर मुक्काम करू नये. क्वार्टरमध्ये कर्मचाऱ्याशिवाय कोणी राहू नये. शेवटची अट बाबूने दोनदा वाचली: बेपत्ता कर्मचारी परत आल्यास ही नेमणूक रद्द होईल.

"समजलं ना, बाई?"

"समजलं," ती म्हणाली आणि सही केली.

बेपत्ता कर्मचारी म्हणजे धनेंद्र, तिचा नवरा. चोरखमाऱ्याच्या तलावावरच्या सरकारी विश्रामगृहात तो माळी होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. तिला सात वर्षं थांबावं लागलं. मग कोर्टाने त्याला मेलेला मानलं आणि त्याच्या जागी ती लागली. कोर्टाचा कागद हाती आला त्या दिवशी तिने पायातली जोडवी काढून पत्र्याच्या डबीत ठेवली. "माह्या पोराले मारून नोकरी घेतली," असं म्हणून सासूने, शांतीबाईने, बोलणं टाकलं. योगेश्वरीने ते मनावर न घ्यायचं ठरवलं होतं. ठरवून काय होतं?

तिचं खरं दुःख निराळंच होतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटे. धनेंद्रचा चेहरा तिला आठवत नव्हता. एरवी तो फाटकाशी वळून हात करायचा. जुलैतल्या त्या सकाळी तो वळलाच नाही. खांद्यावर फावडं आणि घामाने पाठीला चिकटलेला निळा सदरा, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. फोटोतला माणूस तिला कुणीतरी पाहुणा वाटायचा. तलावाच्या पाळीवर, बांधावर, त्याच्या चपला सापडल्या होत्या, बाकी काही नाही.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, पाण्याच्या काठाशी झेंडूची पाच रोपं लावलेली दिसली. ओळ सरळ होती, अंतर वीतभर, माती तीन बोटांनी दाबलेली. तिच्या वाफ्यातली तेवढीच रोपं कमी झाली होती.

"काकाजी, हे तुमी लावलं का?" तिने चौकीदाराला, यादोरावला विचारलं.

"मी? माह्या कंबरेनं वाकणं होते का आता?" तो हसत जवळ आला. ओळ पाहिली आणि त्याचं हसू मावळलं. "हे त रोवण्यावानी लावलं हाये."

धानाचं रोवणं माणूस वाकून, मागे सरकत करतो. पुढे रोप, मागे पाऊल. झेंडू तसा कोणी लावत नाही, माळी उकिडवा बसून लावतो. धनेंद्र मात्र रोवण्यासारखाच लावायचा, कारण त्याचा जन्म धानाच्या बांधीत, भातखाचरात गेला होता. यादोराव त्यावरून त्याची मनसोक्त थट्टा करायचा. आज त्याने विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली.

दुसऱ्या सकाळी आणखी पाच रोपं. ओल्या मातीत अनवाणी पावलं स्पष्ट उमटली होती. बोटं तलावाकडे, टाचा तिच्या क्वार्टरच्या दाराकडे.

"पाठमोरे येऊन राहिले," योगेश्वरी म्हणाली.

"कोन?"

तिने वाकून मातीतला तीन बोटांचा ठसा चाचपला.

"साहेबाले सांगू का?"

"नोका सांगू, काकाजी."

"काऊन?"

"अट हाये ना. थे आले त नोकरी जाईल."

हे साफ खोटं होतं. नोकरी गेली असती तर ती चार जणांच्या बांधीत रोवायला गेली असती. तिला धास्ती एवढीच, की गलका झाला तर तो बुजेल. दारापर्यंत आला की त्याला वळावंच लागेल. वळला की चेहरा दिसेल. ती वाफ्यातल्या रोपांना दोन वेळा पाणी घालू लागली, कमी पडू नयेत म्हणून. दाराची कडी लावणं तिने सोडून दिलं.

नवव्या दिवशी ओळ पायरीला टेकली.

"सूनबाई, सुट्टी टाक. माहेरी जा," यादोराव म्हणाला.

"आता? आता त आले ना थे."

त्या संध्याकाळी तिने उडदाचे वडे केले, घर झाडलं आणि दाराकडे तोंड करून खाटेवर बसली. डोळा कधी लागला, तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन घरात आलं होतं.

बाहेर नवी ओळ होती. पायरीपासून सुरू होऊन तलावाकडे गेलेली.

बोटं दाराकडे. टाचा पाण्याकडे.

तो वळला होता. तोंड तिच्याकडे ठेवून, मागे मागे सरकत गेला होता. आणि ती झोपली होती! योगेश्वरी पायरीवर बसून हमसून रडली.

"बाई," यादोराव हलकेच म्हणाला, "नव्या ओळी दोन हायेत."

होत्या. शेजारी शेजारी, जोडीने रोवलेल्या. दुसऱ्या ओळीमागची पावलं लहान होती. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली प्रत्येक वेळी गोल कड्याचा ठसा.

तिने आपले पाय पाहिले. कोरडे होते, स्वच्छ होते.

आत जाऊन तिने डबी उघडली. जोडवी जागेवर होती. त्यांना ओला चिखल लागला होता.

तिने डोळे मिटून चेहरा आठवून पाहिला. निळा सदराच दिसला.

मग ती पायरीवर येऊन बसली आणि जोडवी पायात घालू लागली.

"कायले घालून राहिली वो?" यादोरावने विचारलं.

ती तलावाकडे पाहत होती. पाण्यापर्यंत दोन्ही ओळींत पाच-पाच रोपांची जागा उरली होती. वाफ्यात दहा रोपं होती.